‘आ कर’ म्हणणाऱ्या मावशी

आमच्या ह्यांच्या मावशींना रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एकाही पोराचं नाव धड ठाऊक नव्हतं, पण दाढा मात्र सगळ्यांच्या पाठ होत्या. कुणाचा चेंडू अंगणात आला की त्या विचारायच्या, "हा कोणाचा पोट्टा?" मी नाव सांगायला लागले की हातानेच गप्प करायच्या. "नाव नको सांगू वं. त्याले तोंड उघडाले लाव." पोरगं घाबरत घाबरत तोंड उघडायचं आणि मावशींच्या चेहऱ्यावर जुनी ओळख पटल्याचं समाधान पसरायचं. "हां, हा तो! डाव्या बाजूची खालची दाढ किडेल. काहून रे, घासतो का नाही?" चेंडू राहायचा बाजूला आणि पोरगं रिकाम्या हाताने पळायचं. आमच्या अंगणात असे किती चेंडू जमले होते! मावशी ते कधी कुणाला नाकारत नसत. फक्त चेंडू घ्यायला येणाऱ्याने आधी दात दाखवावेत एवढंच त्यांचं म्हणणं, आणि पोरांना त्यापेक्षा नवा चेंडू मागणं सोपं वाटायचं.

छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूरला राजधानीचा मान मिळाला, तेव्हा ह्यांना नागपूरहून इथल्या एका नव्या कार्यालयात यावं लागलं. शहरात भाड्याच्या घरांची मारामार होती. मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. लग्न होऊन रायपुरात आल्या त्या इथल्याच झाल्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते वारले होते. मुलगा दूर नोकरीला. त्यांनी आपल्या घराचा वरचा मजला आम्हाला दिला. सामान उतरवत असताना त्यांनी ना प्रवासाचं विचारलं, ना चहाचं. माझ्या कडेवर रेवा होती, जेमतेम चार वर्षांची, झोपेने पेंगुळलेली. मावशींनी तिच्या हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "आ कर." रेवाने भोकाड पसरलं. मावशींनी त्या उघड्या तोंडात निवांत पाहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपते ना? समोरच्या दातायवर पांढरे डाग हायेत. आजपासून बंद." माझी आणि त्यांची ही पहिली भेट.

मला राग आला. मी म्हटलं, "मावशी, दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत की." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "भाड्याचं घरही सोडायचंच असते बाप्पा. म्हणून कोणी भिंती पोखरत नाही." मी त्याच क्षणी त्यांची भाडेकरू झाले होते, त्यामुळे मी दुधाची बाटली मुकाट्याने सामानात खोल दडपली.

सकाळी शाळेच्या रिक्षा निघायच्या वेळेला आमच्या गल्लीत जो ताण असायचा, तो बोर्डाच्या परीक्षेच्या हॉलबाहेरही नसेल. मावशी ओट्यावर उभ्या. हातात यजमानांची रेल्वेतली टॉर्च, जिच्या उजेडात पूर्वी मालगाडीचे डबे तपासले जात. दप्तरं पाठीला लावलेली पोरं खाली मान घालून एकेक पुढे येणार. आधी ‘ई’, मग ‘आ’. एका चतुर पोराने युक्ती काढली. न घासताच जिभेवर पेस्ट चोळून यायचं, म्हणजे वास तरी बरोबर येतो. मावशींनी टॉर्च मारली आणि म्हणाल्या, "वास आजचा हाये, पोहे कालचे हायेत. जा, घासून ये." पोरगं रडत घरी, आई दारात उभी राहून चिडलेली, रिक्षावाला घड्याळाकडे बघतोय. एकदा त्याने धीर करून म्हटलं, "अम्मा, देर हो रही है." मावशींनी टॉर्च सरळ त्याच्याकडे वळवली. "भैया, तुम भी मुँह खोलो." त्याने खोललं. काय दिसलं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून तो रिक्षा आमच्या दारी आणेनासा झाला. कोपऱ्यावरच थांबायचा आणि पोरांना तिथपर्यंत चालत जावं लागायचं.

वाढदिवसाला मावशींना बोलवावं की नाही, यावर गल्लीत नवरा-बायकोंची भांडणं होत. बोलावलं नाही तर वाईट दिसायचं आणि बोलावलं तर त्या भेट म्हणून ब्रश आणायच्या. बाकीच्या पोरांना खेळणी मिळायची, मावशींच्या पुडक्यातून नेमका ब्रश निघायचा आणि उत्सवमूर्तीचा चेहरा पडायचा. केक कापून झाला की त्या पाहुण्या पोरांची रांग नळाशी लावून सगळ्यांना चुळा भरायला लावायच्या. एका यजमानीणबाईने कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, "केक खाणं गुन्हा नाही. केक तोंडात ठेवून झोपणं गुन्हा हाये."

पण शिकवायच्या मात्र जीव लावून. रेवाला घासायला त्यांनीच लावलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी, मावशी तिच्या मागे, तिचं डोकं आपल्या पोटाला टेकवलेलं, डाव्या हाताने हनुवटी धरलेली. ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट. मग हिरड्यांच्या कडेने हळूहळू गोल गोल. "ही पुढची खोली, ही मागची खोली, आणि ही अंधारी कोठी. लोक पुढचीच झाडतात आणि कचरा राहते कोठीत." मी म्हटलं, आता ती मोठी झाली, तिचं ती घासेल. मावशी म्हणाल्या, "बुटाची लेस बांधता येते का तिले? नाही ना? मंग दाढ काय घासंन? लेस बांधेस्तोवर ब्रश आपणच फिरवाचा." रेवा नागपूरहून मराठी बोलत आली होती, पण इथल्या बालवाडीत वर्षभरात हिंदीवर गेली. मावशींनी मराठीत विचारावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं. "आजी, मैंने कोठी भी साफ की." मावशी खूश. वर्षभरात रेवाच्या दातांवरचे डाग वाढायचे थांबले आणि माझा राग कधी विरला ते कळलंही नाही.

मावशींचा खरा वैरी मात्र निराळाच होता. गुडाखू. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की तंबाखू आणि गुळाचा हा काळसर, ओलसर लगदा छत्तीसगडात दात घासायला वापरतात. म्हणजे म्हणायला दात घासायला. बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायचा आणि डोकं हलकं होईपर्यंत बसून राहायचं. बायका चोळतात, पुरुष चोळतात आणि पोराचा दात दुखला तर त्याच्याही हिरडीवर बोट फिरवतात. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या सुकवारोलाही ती सवय होती. मावशी तिला फाटकातच अडवून चुळा भरायला लावत, तोंडाचा वास घेत आणि मगच आत सोडत. एकदा शेजारच्या मुलाला त्याच्या आजीने दुकानातून गुडाखूची डबी आणायला पाठवलं होतं. मावशींनी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि भर रस्त्यात नालीत फेकली. ती आजी कंबर कसून भांडायला आली. मावशी तिच्यावर इतक्या जोरात ओरडल्या, की त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला तेव्हा जरा नवल वाटलं होतं. दातांच्या कळकळीत एवढा संताप कुठून आला?

त्यांचं स्वतःचं दात घासणं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या अंगणात एक जुनी नहाणी होती. सकाळी आणि दुपारच्या चहाआधी त्या तिथे कडी लावून बसत आणि बऱ्याच वेळाने बाहेर येत. त्या वेळी दाराशी कुणी आलं तरी मी सांगायचं, मावशी दात घासताहेत. पूजेत कुणी हाक मारली तर त्यांना चालायचं, यात नाही. रेवाला त्याचा फार आदर वाटे. "आजी इतनी देर क्या घिसती है?" ती मला विचारायची. मी सांगायची, मन लावून घासलं की वेळ लागतोच.

त्या दुपारी मी वर कपडे घड्या करत होते. हे ऑफिसात. सुकवारो खाली अंगणात भांडी घासत होती, मावशी स्वयंपाकघरात. जिन्यावर पावलं वाजली आणि रेवा दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, तोंडातून लाळ गळतेय. "आई, सब घूम रहा है," एवढं म्हणाली, खाली बसली आणि भडाभडा ओकली. ओकारी काळपट होती. मी तिला उचललं तर मान खांद्यावर लुळी पडली. हात गार. मी ओरडले. मावशी धावत जिना चढून आल्या, मागोमाग सुकवारो.

"नोनीला का होगे दीदी?" पोरीला काय झालं म्हणून सुकवारो विचारू लागली.

रेवाच्या तोंडाला वास येत होता. गुळचट, उग्र. या वासाचा उद्धार मी रोज फाटकात ऐकला होता, मावशींच्याच तोंडून. माझं डोकं फिरलं. मी सुकवारोकडे वळले. "तू दिलंस हिला? गुडाखू दिलंस?"

"नइ दीदी! किरिया खाथों, मैं नइ दे हंव!" शपथ घेता घेता ती रडायलाच लागली.

"मग कुणी दिलं? या घरात आणखी कोण चोळतं?"

 मावशींनी पदराने रेवाचं तोंड पुसलं, तिला माझ्या हातातून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या. कोपऱ्यावर ऑटो मिळाला. सुकवारोही रडत आमच्यासोबत बसली. रस्त्यात रेवा पुन्हा ओकली. तिचे डोळे मिटत होते आणि मी तिला हलवून हलवून जागी ठेवत होते. बाजारात गर्दी, समोर एक हातगाडी आडवी, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय आणि गाडी हलत नाही. मी मावशींकडे पाहिलं. जी बाई गल्लीतल्या कुणालाही बोलू देत नसे, ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रेवाला लगेच आत घेतलं. नाडी पाहिली, डोळ्यात उजेड टाकला. नर्स सलाईनची तयारी करायला लागली. "क्या खाया है?"

"गुडाखू," मी म्हटलं. "कामवालीचं असेल."

"कितना? हिरडीवर लावलं की गिळलं?" डॉक्टर जरा मराठी जाणणारे होते. "बघा, एवढ्या लहान मुलीला थोडा तंबाखूही जड जातो. पण बोटभर आणि अर्धी डबी यात फार फरक आहे. नीट सांगा."

मी सुकवारोकडे पाहिलं. तिने हात जोडले. "मोर डब्बा तो घर में हे दीदी, मैं लाए नइ हंव."

तेव्हा मावशी बोलल्या. आवाज इतका बारीक, की आधी कुणाला कळलंच नाही. "डबी माझी हाये."

"काय?" मी म्हटलं.

"माझी. नहाणीत, विटंच्या मागं ठेवत असतो. कालच नवी उघडली." मग डॉक्टरांकडे पाहून म्हणाल्या, "सकाळी मी किती घेतली ते मले ठाऊक हाये. डबी पाहून सांगतो. येतो आत्ता." आणि ती साठी उलटलेली बाई चपला न घालता बाहेर पळाली.

तो मधला वेळ मला अजून जसाच्या तसा आठवतो. रेवाच्या हाताला सलाईन लावलेलं, ओठ कोरडे, मधूनच अंगाला झटका दिल्यासारखी हलते. नर्स तिची नाडी पाहत उभी. मी दाराकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघतेय. मला मावशींचा राग येत नव्हता, काहीच येत नव्हतं. फक्त त्या डबीत किती उरलंय एवढाच विचार.

मावशी आल्या. पाय धुळीने माखलेले. पदराआडून डबी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, सगळ्यांसमोर. झाकण उघडलं. काळ्या लगद्यावर एका बाजूला त्यांच्या बोटाची रुंद खूण होती. आणि तिच्या शेजारी एक इवलीशी खोबण. चिमुकल्या बोटाने जेमतेम कोरल्यासारखी.

"एवढंच," मावशी म्हणाल्या. "बाकीचं सगळं माझं हाये."

डॉक्टरांनी डबीत वाकून पाहिलं आणि श्वास सोडला. "थोडंच आहे. आणि बरंचसं ओकूनही टाकलंय. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, पण काळजी करू नका."

मी रेवाच्या कपाळावर हात ठेवला. आणि त्याच वेळी मागे दाराशी एक विचित्र आवाज झाला. सुकवारो हसत होती. आधी हुंदक्यासारखं, मग खदखदून, पदर तोंडात कोंबून. "अम्मा! तहूं?" म्हणजे, तुम्हीसुद्धा? जिने इतकी वर्षं हिला रोज फाटकात चुळा भरायला लावल्या, तोंडाचा वास घेतला, तीच! हसता हसता तिला पुन्हा रडू आलं. मग तिने डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. निरोप आला, की ती उरल्याला, कारखान्यांच्या वस्तीत, आपल्या मुलीकडे राहायला गेली आहे आणि आता येणार नाही.

रेवा संध्याकाळी उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "आजीवाला पेस्ट गंदा है." तिला आजीसारखे मन लावून दात घासायचे होते. मावशी स्वयंपाकघरात असताना ती नहाणीत शिरली होती. मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या मागे वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या सकाळी ओटा रिकामा होता. पोरं सवयीने थांबली, इकडेतिकडे बघितलं आणि धूम ठोकली. मावशी आपल्या खोलीत दार लावून पडल्या होत्या. गुडाखू त्यांनी त्याच दिवसापासून सोडलं होतं आणि त्याने त्यांची दशा केली होती. डोकं फुटेल असं दुखायचं, हात कापायचे, चहाचा कप भिंतीवर फेकावासा वाटायचा, आणि एकदा त्यांनी फेकलाही. हे म्हणाले, "मावशी, हळूहळू सोडा." त्या म्हणाल्या, "हळूहळूच तर धरली होती."

डॉक्टरांनी जाताना मावशींनाही बजावलं होतं, की तुमचं तोंड तपासून घ्या. मी त्यांना समता कॉलनीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. रेवाला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तीही सोबत. मावशी त्या खुर्चीत बसल्या, वरचा दिवा लागला, तरुण डॉक्टरीणबाई मराठीच होत्या, गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, आ करा."

मावशींनी तोंड उघडलं नाही. अख्ख्या ब्राह्मणपाऱ्याची तोंडं उघडवणारी बाई खुर्चीचे हात घट्ट धरून, जबडा आवळून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी समजावलं. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही तोंड न उघडता. "माझं तोंड आजवर कोणी पाह्यलं नाही," त्या दातांच्या फटीतून म्हणाल्या. रेवाने खुर्चीवर चढून त्यांचा हात धरला. "आजी, डरो मत. मैं यहीं हूँ." मग मावशींनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. गालाच्या आतल्या बाजूला, जिथे बोट रोज फिरत होतं, तिथे पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागला.  रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मावशींनी सगळं घर घासून काढण्यात घालवले. मधेच थांबून मला विचारायच्या, "त्या डाक्टरीणबाईनं काही लपवलं तर नाही ना वं? तिचं तोंड पाह्यलं का तू, मी खुर्चीतून उठली तेव्हा?" एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या असताना आपणहून सांगायला लागल्या. लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा अगदी कोवळं वय. दाढ ठणकायला लागली. सासरी सांगायची सोय नव्हती. शेजारणीने बोटावर घेऊन चोळून दिलं आणि ठणका थांबला. "लय बरं वाटलं. दाढ पडून गेली, पण बोट थांबलं नाही. तुह्या मावसासऱ्याले शेवटपर्यंत माहीत नव्हतं. गाडीवर जायचे ना ते." तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "पोट्ट्यायचं तोंड पाहून घेतलं की मले वाटे, चाल, याची दाढ वेळेवर सापडली."

रिपोर्ट घेऊन हे ऑफिसातून परस्परच दवाखान्यात जाऊन आले. फाटकातूनच ओरडले, "मावशी, तसलं काही नाही!" चट्टा वाईट नव्हता, पण गुडाखू पुन्हा लावलं तर होईल, असं डॉक्टरीणबाईंनी खडसावून सांगितलं होतं. मावशींनी देवापुढे दिवा लावला, तोंड धुतलं, नवं लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, "चाल, सुकवारोकडं जाऊ. तिच्यावर आळ तू घेतला, पण ऐकून मी घेतला."

उरल्याला जाईपर्यंत ऑटोत धूळ भरली. लोखंडाच्या कारखान्यांमागे मजुरांच्या चाळी होत्या, रस्ताभर ट्रक उभे. दुपारची पाळी बदलली होती. सार्वजनिक नळाशी पाच-सहा बायका बसल्या होत्या, बोटं तोंडात. सुकवारो त्यांच्यातच होती. शेजारी तिची मुलगी, मांडीवर दात येणारं बाळ घेऊन. बाळ किरकिरत होतं. मुलीने डबीत बोट बुडवलं आणि त्याच्या हिरडीकडे नेलं.

 मी मावशींकडे पाहिलं. आता डबी नालीत जाणार, आता भांडण होणार, आणि आम्ही माफी मागायला आलो होतो. मावशींचा हात पुढे झालाही. पण त्यांनी डबी हिसकावली नाही. त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिच्यासमोर ओल्या सिमेंटवर तशाच बसल्या, नव्या लुगड्यानिशी.

"नको लावू बाई," म्हणाल्या. मग त्यांच्या त्या हिंदी-छत्तीसगडी-वऱ्हाडी खिचडीत त्यांनी सगळं सांगितलं. विटेमागची डबी, रेवाची ओकारी, गालातला चट्टा. काही लपवलं नाही. शेवटी सुकवारोकडे वळून हात जोडले. "त्या दिवशी मी गप्प राह्यली. मले माफ कर." मीही हात जोडले. सुकवारो "हव अम्मा, उठव आता, लुगरा भींजत हे," म्हणून मावशींना हाताला धरून उठवायला लागली. मावशी उठल्या नाहीत. बाळाच्या हिरडीवरून कसं ओल्या स्वच्छ फडक्याने बोट फिरवायचं ते त्या मुलीला दाखवत होत्या. बाळ फडकं चोखत शांत झालं. बायका जवळ सरकल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने तोंडातलं बोट काढून विचारलं, "दाई, तैं कइसे छोड़े?" कशी सोडलीस गं?

"सोडली कुठं बाई," मावशी म्हणाल्या, "अजून सोडूनच राहिली हाये."

सुकवारो पुढच्या आठवड्यात कामाला आली. फाटकात तिला कुणी अडवलं नाही. मावशी पुन्हा ओट्यावर उभ्या राहू लागल्या, पण ओरडणं गेलं होतं. आम्ही काही वर्षांनी रायपूर सोडलं, मावशीही आता नाहीत. मला मात्र आठवतात त्या उरल्याहून परतताना ऑटोत बसलेल्या मावशी. त्या लुगड्याचा ओला काठ पिळत होत्या. रस्त्याच्या कडेला पानठेले मागे पडत होते. मधेच त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"त्या बायांच्या डबीचा वास येऊन राहिला वं अजून," त्या हळूच म्हणाल्या. "लय तलफ आली होती तिथं."

"मग?" मी विचारलं.

"मंग काही नाही," मावशी म्हणाल्या आणि माझा हात घर येईपर्यंत सोडला नाही.